फोटो लंडनला, गोष्ट गावात: खानदेशच्या जुन्या छायाचित्रांचा डिजिटल ठेवा कसा शोधायचा, कसा जपायचा

जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या बहुतेक घरांत एखादी पत्र्याची पेटी असतेच. तळाशी जमिनीचे कागद, वर लग्नाच्या पत्रिका आणि मधे पिवळे पडलेले पाच-सात फोटो. मागे काही लिहिलेलं नसतं. कोण आहे हे फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असतं. ते माणूस गेलं की फोटो राहतो, पण त्यातली माणसं अनोळखी होतात.

आज मोबाइलने फोटोचा फोटो काढणं सोपं झालंय. देश-विदेशातल्या संग्रहांनी आपल्या भागाचे जुने फोटो, नकाशे, पुस्तकं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. तरी एक अडचण राहतेच. संग्रहांकडे फोटो आहेत पण गोष्ट नाही, आणि गावाकडे गोष्ट आहे पण फोटो नाही. या दोन गोष्टी जुळवायच्या कशा, त्याची ही माहिती.

देवळांचे फोटो: बलसाणे, चांगदेव, वाघळी, पाटण

खानदेशातल्या जुन्या देवळांची पद्धतशीर छायाचित्रं इंग्रज काळात पुरातत्त्व खात्याने काढली. त्या खात्याचे अधिकारी हेन्री कझेन्स यांचं दख्खनमधल्या मध्ययुगीन मंदिरांवरचं मोठं पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झालं. साक्री तालुक्यातलं बलसाणे, मुक्ताईनगर तालुक्यातलं चांगदेव, चाळीसगाव तालुक्यातली वाघळी आणि पाटण इथल्या देवळांची वर्णनं, नकाशे आणि छायाचित्रं त्यात आहेत. हे पुस्तक इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर वाचता येतं. त्या काळातल्या सर्वेक्षणाचे बरेच फोटो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

या फोटोंचा उपयोग फक्त अभ्यासकांना नाही. कोणता खांब तेव्हा उभा होता, कोणती मूर्ती जागेवर होती, शिखराचा किती भाग शाबूत होता, हे त्यावरून ताडून पाहता येतं. चांगदेवचं देऊळ तापी आणि पूर्णेच्या संगमाजवळ आहे. पुढे हतनूर धरणाचं पाणी या भागात पसरलं. धरणाआधी नदीचा काठ, घाट, शेतवाटा कशा होत्या, हे आता जुने फोटो आणि जुनी माणसं यांच्याकडूनच कळणार.

मात्र सर्वेक्षणाच्या फोटोत देवळाचं मोजमाप असतं, देवळाची गोष्ट नसते. जत्रा कधी भरायची, कोणत्या घराकडे पूजा होती, दुष्काळात गाव कुठे जमायचं, यातलं काहीच नोंदवलेलं नाही. ते गावानेच सांगायला हवं.

फैजपूर, १९३६: सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग, नावं नसलेली माणसं

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. नगराला नाव दिलं होतं टिळकनगर. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि इथल्याच साध्या सामानातून मंडप आणि कमानी सजवल्या. गांधीजींनी २५ डिसेंबरला ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनात भाषण केलं. पूर्व खानदेशातून धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या कामासाठी रान उठवलं होतं. फैजपूरचं महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

गांधीजींची फैजपूरमधली भाषणं साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर संपूर्ण वाङ्मयाच्या खंडांत मिळतात. अधिवेशनाचे फोटोही इंटरनेटवर दिसतात. पण त्यांत नावं असतात ती पुढाऱ्यांचीच. मंडप उभारणारे, भाकरी करणाऱ्या बाया, बैलगाड्या घेऊन आलेले शेतकरी, स्वयंसेवक मुलं यांची नावं फोटोखाली नाहीत. यावल, रावेर, भुसावळ, चोपडा या तालुक्यांत आजही काही घरांत ‘आमचे आजोबा फैजपूरला होते’ असं सांगतात. हे वाक्य फोटोला जोडून ठेवलं तर गर्दीतल्या एका तरी चेहऱ्याला नाव मिळेल.

चाळीसगाव: फोटोही आहेत, दंतकथाही

चाळीसगाव रेल्वे स्टेशनजवळच्या ‘आशीर्वाद’ बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस राहायचे. जन्म २ ऑक्टोबर १९१२, निधन ३१ डिसेंबर १९८९. मीठ, पाव, भाजीपाला अशा घरातल्या वस्तू टेबलावर मांडून डोंगर, बर्फ, समुद्र यांचा भास निर्माण करणारी त्यांची ‘टेबलटॉप’ छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. जवळपास पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले. ‘विच ऑफ चाळीसगाव’ हे एका म्हातारीचं छायाचित्र त्यांच्या गाजलेल्या कामांपैकी एक. त्यांचा बंगला आता संग्रहालय म्हणून जपला आहे.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट चाळीसगावात घरोघरी माहीत आहे. मुंबईहून प्रेयसी येणार म्हणून ते रोज रात्री पंजाब मेलची वाट पाहायचे, दारं-खिडक्या उघडी ठेवायचे आणि दोन माणसांचं जेवण मांडायचे. विनोबांचा फोटो काढण्यासाठी मात्र ते घराबाहेर पडले, असंही सांगितलं जातं.

नोंद ठेवणाऱ्याने यातून एक शिकावं. फोटोचं वर्ष, आकार, तंत्र हा एक भाग आणि लोक जे सांगतात तो दुसरा. दोन्ही लिहायचे, पण वेगवेगळे. ‘असं घडलं’ आणि ‘असं सांगतात’ यांतला फरक नोंदीत दिसला पाहिजे. दंतकथा खोटी म्हणून टाकून देऊ नये आणि खरी म्हणून छापूही नये.

लिहून घेणारा माणूस ही खानदेशची जुनी परंपरा

डिजिटल संग्रह हा शब्द नवा आहे, पण काम आपल्याकडे जुनंच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलायचे. फेब्रुवारी ते जून, अशी अठरा प्रवचनं झाली. साने गुरुजी ती ऐकत ऐकत लिहून घ्यायचे. त्यांनी लिहिलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे.

बहिणाबाई चौधरींचंही तसंच. असोद्याला जन्म, जळगावच्या चौधरी वाड्यात संसार. लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करताना त्या ओव्या रचून म्हणायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी काही कविता उतरवून ठेवल्या. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली संग्रह निघाला. जे कुणी उतरवून घेतलं नाही ते त्यांच्याबरोबरच गेलं.

कागदांच्या बाबतीत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हेच केलं. गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर लगेच धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथे कागदपत्रं, पोथ्या, नाणी, मूर्ती यांचा संग्रह आहे. खानदेशच्या अभ्यासकाला पहिली पायरी तीच.

अलीकडचं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या पारी, म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. तिथे ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. याउलट १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत माणसांच्या फोटोखाली मुख्यतः जात-जमातीचं नाव सापडतं, माणसाचं क्वचितच. आपण नोंद करताना पहिला मार्ग धरायचा.

शोधताना जुनी नावं वापरा

आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधलं तर बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. म्हणून हे लक्षात ठेवा:

- १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्यानंतर जळगाव मुख्यालयाचा पूर्व खानदेश आणि धुळे मुख्यालयाचा पश्चिम खानदेश झाला. १९६० नंतर जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं रूढ झाली.
- नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधीची नंदुरबार, नवापूर, शहादा, अक्राणीची नोंद धुळे किंवा पश्चिम खानदेशात सापडेल.
- धुळ्याचं इंग्रजी नाव ‘धुलिया’ असं लिहिलं जायचं. मुक्ताईनगर म्हणजे जुनं एदलाबाद. साक्री भागाची जुनी नोंद पिंपळनेर तालुक्याच्या नावाने असू शकते.
- जुन्या इंग्रजी पुस्तकांत खानदेशचं स्पेलिंग ‘सी’ अक्षराने सुरू झालेलंही दिसतं. दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा.

गावाच्या वर्णनासाठी १८८० सालचं खानदेश गॅझेटियर वाचावं. बोलीसाठी ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग. १९०७ च्या या भागात भिल्ली बोलींबरोबर खानदेशीचेही नमुने आहेत. सरकारी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आणि सांस्कृतिक मंत्रालयाचं ‘इंडियन कल्चर’ पोर्टल पाहावं.

घरातला फोटो असा जपा

- काचेला किंवा अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. आहे तसाच स्कॅन करा.
- लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की फोटो परत सुटा होत नाही.
- स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मोबाइल असेल तर फ्लॅश बंद ठेवून, सावलीतल्या उजेडात, फोटोवर सरळ धरून टिपा.
- फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाची सही तिथेच असते.
- मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन नको.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दर्जा घसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
- फाइलला गाव, अंदाजे वर्ष, प्रसंग असं नाव द्या. नुसता आकडा असलेली फाइल वर्षभरानंतर कुणालाच ओळखू येत नाही.
- तीन प्रती ठेवा: एक मोबाइल किंवा संगणकात, एक पेन ड्राइव्हमध्ये, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि मुख्य कॅटलॉगही काही महिने बंद पडला. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होतं, तर आपण एकाच मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

आजी-आजोबांना काय विचारायचं

‘हा फोटो कोणत्या साली काढला?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा ‘काय माहीत’ असंच उत्तर मिळतं. आपल्याकडे काळ सालाने नाही, घटनेने मोजतात. म्हणून असं विचारा: बहात्तरच्या दुष्काळाआधीचा की नंतरचा? गावात वीज आली होती का? धरणाचं पाणी आलं होतं का? तेव्हा सरपंच कोण होते? घरातलं कोणतं मूल तेव्हा झालं होतं? दोन-तीन उत्तरं जुळली की वर्षाचा अंदाज बांधता येतो. नोंदीत तो ‘अंदाजे’ म्हणूनच लिहा.

मग डावीकडून उजवीकडे एकेकाचं नाव विचारा. बायांची नावं विचारताना ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर थांबू नका, तिचं स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव लिहा. मागे उभा असलेला सालदार, बाजूचं लेकरू, बैलाचं नावसुद्धा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, भिलोरी, पावरी, जी बोली असेल तीत बोलू द्या. ऐकलं तसं लिहा, पुस्तकी मराठीत बसवायला जाऊ नका. गोष्टीतली अर्धी चव बोलीतच असते.

टाकण्याआधी विचारा

फोटो इंटरनेटवर ठेवण्याआधी घरातल्या माणसांची परवानगी घ्या. भांडण, जमीन, लग्न यांच्या गोष्टी जिवंत माणसांना लागू शकतात, त्या रेकॉर्डिंगमध्येच राहू द्या. आदिवासी पाड्यावरचे फोटो काढले किंवा मिळाले तर त्याची प्रत त्या पाड्यावर परत द्या. छायाचित्रकार किंवा स्टुडिओ माहीत असेल तर नाव लिहा. २०१२ च्या कायदा दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो.

हे काम एकट्या संस्थेचं नाही. गावातली शाळा, वाचनालय, भजनी मंडळ, कॉलेजची मुलं, कुणीही दिवाळीच्या सुट्टीत दहा घरांचे फोटो स्कॅन करू शकतं. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, पण फोटोतली माणसं ओळखणारे डोळे वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून स्कॅनर मिळेपर्यंत थांबू नका. आधी म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून नावं लिहून घ्या. फोटो नंतरही स्कॅन होईल.