स्त्रीदेह, अंतःस्राव आणि डॉ. कमल रणदिवे

रोग हा प्राक्तनाचा भोग, ही समजूत आपल्या समाजांत जितकी जुनी तितकीच चिवट आहे. आईला झाला म्हणून मुलीला झाला, एवढें म्हटलें कीं आपला विचार संपतो. शास्त्राचा विचार मात्र तेथूनच सुरू होतो. महाराष्ट्रांत ज्या विदुषीनें तो आयुष्यभर केला, त्या डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याचा परिचय आम्ही येथें वाचकांस करून देत आहों.

ह्या प्रश्नाची वाट त्यांच्यापूर्वीं कांहीं जणांनीं तुडविली होती. ग्लासगोचे शस्त्रवैद्य बीट्सन ह्यांनीं १८९६ सालीं असें दाखविलें कीं, अंडाशय काढून टाकल्यास स्तनाचा बळावलेला कर्करोग कधीं कधीं ओसरतो. १९३२ सालीं फ्रान्समध्यें लाकासान्य ह्यांनीं अंडाशयाचें संप्रेरक टोचून नर उंदरांसही हा रोग जडविला. पुढें १९३६ सालीं अमेरिकेंत बिटनर ह्यांनीं रोगप्रवण कुळांतील उंदरांचीं पिलें जन्मतांच निरोगी कुळांतील माद्यांना पाजावयास दिलीं. त्यांतील बहुतेकांस रोग झालाच नाहीं. जें कारण केवळ वंशांत आहे असें वाटत होतें, त्याचा एक वांटा दुधांतून जात होता! तो विषाणु होता, हें मागाहून ठरलें.

ह्या सुमारास डॉ. रणदिवे ह्या क्षेत्रांत आल्या. त्यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. माहेरचें नांव कमल समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४३ सालीं पुण्याच्या कृषिमहाविद्यालयांतून त्या एम्. एस्सी. झाल्या, त्या सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून. पुढें मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं काम करून १९४९ सालीं त्यांनीं पीएच्. डी. पदवी मिळविली. अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत अधिक अभ्यास करून त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९६६ पासून १९७० पर्यंत त्या केंद्राची धुरा त्यांच्याकडेच होती. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें.

निरनिराळ्या कुळांतील उंदीर वाढवून वंश, प्रसूति आणि अंतःस्राव ह्यांचा स्तनाच्या कर्करोगाशीं काय संबंध आहे, हें त्यांनीं तपासलें. असल्या कामांत घाई चालत नाहीं. मादी वाढावी, व्यावी, म्हातारी व्हावी, तेव्हां कोठें एक नोंद पुरी होते. त्यांच्या शोधाचें सार एवढेंच कीं, रोगाची प्रवृत्ति एकटा वंश ठरवीत नाहीं. संप्रेरकें आणि विषाणु ह्यांची परस्परांशीं गांठ पडावी लागते.

उंदरांचा न्याय माणसांस जसाच्या तसा लावतां येत नाहीं, हें खरें. मानवी मातेचें दूध रोगाचें वाहन नव्हे. उलट, दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस स्तनाच्या कर्करोगाचें भय कांहींसें कमीच असतें. म्हणून प्रयोगशाळेबरोबर गांवही पाहावें लागतें. स्वतः डॉ. रणदिवे यांनीं अकोले तालुक्यांतील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. कर्करोगाच्या बाबतींत हें काम सोलापूर जिल्ह्यांत झालें. वैराग ज्या बार्शी तालुक्यांत आहे, तेथें आणि शेजारच्या परांडा व भूम तालुक्यांत १९८७ सालीं ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतांतील ती पहिलीच. तिच्यांत असें दिसून आलें कीं, मुंबईच्या मानानें खेड्यांतील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग कमी, पण गर्भाशयमुखाचा कर्करोग फार. नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव हिंडून लोकांस समजावूं लागले, तसतशा दुसऱ्या रोगाच्या बायका लवकरच्या अवस्थेंत रुग्णालयांत येऊं लागल्या.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, मुलींचीं लग्नें लवकर करावीं, मुलें लवकर व पुष्कळ व्हावीं, म्हणजे एक रोग तरी टळेल. आमच्या मतें हा शास्त्राचा विपर्यास होय. लवकरचा संसार आणि वारंवारचीं बाळंतपणें गर्भाशयमुखाच्या रोगाचें भय वाढवितात. एका दारांतून हांकललेला शत्रु दुसऱ्या दारांतून आंत घ्यावयाचा, एवढेंच साधेल. वैरागच्या मुलीनें शिकावें, आपल्या मर्जीनें संसार मांडावा, आणि तिच्या छातींत गांठ हातास लागली तर ती लपवून न ठेवतां त्याच आठवड्यांत बार्शीची मोटार धरावी. उंदरांच्या इतक्या पिढ्या खर्ची पडल्या त्या एवढ्याचसाठीं.