अस्थिमज्जारोपण आणि विषाणू : एका वैद्यकीय पेचाचा इतिहास

रोपण केलेल्या मूलपेशी रुजल्या नाहीत, किंवा रुजून पुन्हा नष्ट झाल्या, म्हणजे त्याचे कारण सामान्यतः एकच सांगितले जाते : रुग्णाच्या शरीराने परक्या पेशी नाकारल्या. हे कारण खरे असले तरी एकमेव नव्हे. विषाणूंचा संसर्ग आणि त्यावरील औषध हीदेखील रोपणवैफल्याची कारणे ठरली आहेत. या तिहींचा विवेक करता करताच या शास्त्राची बरीचशी प्रगती झालेली आहे.

१९५७ साली ई. डॉनल टॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सहा रुग्णांना शिरेवाटे मज्जा दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पुढच्याच वर्षी झां दोसे यांनी श्वेतपेशींवरील एका प्रतिजनाचे वर्णन केले. त्यातून दाता व रुग्ण यांची ऊतके जुळविण्याची विद्या वाढीस लागली आणि १९७० नंतर रोपे रुजू लागली.

तथापि, आता नवाच शत्रू पुढे आला. सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर सुप्त राहतो. किरणोत्सर्गाने व औषधांनी प्रतिकारशक्ती नाहीशी होताच तो जागा होतो. त्याचा न्यूमोनिया जडलेल्या रोपणरुग्णांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक त्या काळी दगावत. शिवाय मूलपेशी ज्यांच्या आधाराने वाढतात त्या मज्जेतील आधारपेशींनाच तो ग्रासतो, असे पुढे प्रयोगशाळेत दिसून आले.

१९८६ साली सिअॅटल येथील संशोधकांनी असे दाखविले की, ज्या रुग्णांना हा संसर्ग पूर्वी झालेला नाही, त्यांना विषाणुमुक्त दात्यांचेच रक्त दिल्यास तो टाळता येतो. भारतात मात्र बहुतेक प्रौढांना हा संसर्ग आधीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मज्जारोपणास प्रारंभ झाला असला, तरी येथील रुग्णांना हा उपाय फारसा उपयोगी पडणारा नव्हता.

मग गॅन्सायक्लोव्हिर हे औषध आले. विषाणू आढळताच, रोग प्रकट होण्यापूर्वी ते दिल्यास रोग टळतो, हे १९९१ साली सिद्ध झाले. यावरून मज्जा रुजताच सर्वांनाच ते द्यावे, असा विचार साहजिकच पुढे आला. १९९३ च्या चाचणीत त्यामुळे विषाणूचा रोग घटला खरा, परंतु मृत्यूंची संख्या घटली नाही. औषधाने मज्जा दबून श्वेतपेशी कमी झाल्या आणि इतर जंतूंना वाट मोकळी झाली.

या अनुभवातून दोन वाटा निघाल्या. १९९५ साली सिअॅटल येथे चौदा रुग्णांना दात्याच्या विषाणुविरोधी लसीकापेशी देऊन प्रतिकारशक्तीच परत आणण्याचा प्रयत्न झाला. २०१७ साली, ५६५ रुग्णांवरील चाचणीनंतर, मज्जेस इजा न करणारे लेटरमोव्हिर अमेरिकेत मान्य झाले.

मूळ पेच मात्र सर्वस्वी सुटलेला नाही. रोपणानंतर श्वेतपेशी घटल्या, तर नकार समजून प्रतिकारशक्ती दाबावी तो विषाणू बळावतो, आणि विषाणू समजून औषध वाढवावे तो मज्जा खचते. म्हणून उपचारापूर्वी कारणाचा निर्णय, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.