होकायंत्राची सुई आणि विजेची ट्राम

१८२० सालच्या एप्रिल महिन्यांत कोपनहेगन येथें हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड हे प्राध्यापक व्याख्यान देत होते. तारेंतून विद्युत्प्रवाह सुरू होतांच शेजारच्या होकायंत्राची सुई किंचित् हालली. वीज आणि चुंबकत्व यांचा निकट संबंध आहे, हें त्या हालचालीनें उघड झालें. याच कारणास्तव पुढें ८४ वर्षांनीं मुंबईच्या एका वेधशाळेला आपल्या चुंबकसुया बंदरापलीकडे न्याव्या लागल्या. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तार सुईला स्पर्श करीत नाहीं. मग ती सुईला हालविते कशी? या प्रश्नाचें उत्तर मायकेल फॅरडे यानें शोधलें. हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी केलेला. गणित त्यास फारसें अवगत नव्हतें. लोहचुंबकावर कागद ठेवून त्यानें लोखंडाचा कीस पसरला, तों कीस वक्र रेषांनीं मांडला गेला. चुंबकाभोंवतालचें अवकाश रिकामें नसून तेंच बलाचें वाहक आहे, असें त्यास वाटलें. या अवकाशासच आपण आज क्षेत्र म्हणतों. १८३१ च्या २९ ऑगस्ट रोजीं, चुंबकीय क्षेत्र बदललें म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हेंही त्याला आढळलें. मॅक्सवेलनें १८६५ सालीं या कल्पनेस गणिताचें रूप दिलें, आणि त्या गणितानें भाकीत केलेल्या लहरी हर्ट्झनें १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगानें दाखविल्या. तसल्याच लहरींवरून हा आवाज आपणांपर्यंत येत आहे.

आतां मुंबईकडे वळूं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेण्यांत येऊं लागले. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील मोठ्या उत्पातानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालें, तेव्हां कुलाब्याच्या उपकरणांनीं क्षैतिज क्षेत्रांत सुमारें १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली. त्या वादळाचा विचार करणारे शास्त्रज्ञ आजही ही नोंद पुढ्यांत घेतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्राम आणण्याचें ठरूं लागलें. आपल्या शाळकरी मुलांसही येणारें एक गणित पाहा. लांब सरळ तारेंतून १०० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर १०० मीटर अंतरावर त्याचें क्षेत्र २०० नॅनोटेस्ला भरतें. पृथ्वीचें क्षैतिज क्षेत्र येथें ४० हजारांच्या आसपास. त्याच्या मानानें हें अल्प खरें. पण तेथें शांत दिवशीं होणारा नैसर्गिक फेरफारच मुळीं कांहीं दशकांचा! ट्रामचा प्रवाह वरच्या तारेंतून येऊन रुळांतून परततो. तो सगळाच रुळांतून परतता, तर दोन्ही क्षेत्रें एकमेकांस बहुतांशीं मारतीं. परंतु त्याचा कांहीं अंश जमिनींत पसरतो. शिवाय गाडी थांबली, सुटली, कीं प्रवाह बदलतो. सूर्याची चाहूल घेणारी सुई मग ट्रामची चाहूल घेऊं लागणार.

त्या वेळीं वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस हे होते. शहराची सोय अडवून धरणें इष्ट नव्हे, आणि साठ वर्षांची नोंद तुटूं देणेंही नव्हे, असा हा पेंच होता. कुलाब्यापासून सुमारें ३० किलोमीटरांवर अलिबाग येथें १९०४ सालीं नवें वेधगृह उभें राहिलें. पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. लोखंडाच्या जागीं तांबें, पितळ घातलें. पण खरें शहाणपण पुढेंच आहे. दोन ठिकाणचें क्षेत्र तंतोतंत एक नसतें. म्हणून १९०४ ते १९०६ या काळांत दोन्हींकडे एकाच वेळीं वेध घेऊन फरक निश्चित केला. त्यामुळें जुनी मालिका नव्या मालिकेस जोडतां आली. १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम मुंबईंत धांवूं लागली, तेव्हां हें काम उरकलें होतें.

ती ट्राम १९६४ सालीं कायमची बंद झाली. अलिबागची नोंद मात्र अद्याप चालू आहे. मुलांच्या पुस्तकांत तारेभोंवतीं काढलेलीं वर्तुळें आपण पाहतां, तेव्हां एका शहराला त्या वर्तुळांचा हिशेब वेळेवर करावा लागला होता, एवढें स्मरणांत असूं द्यावें.