कंबरदुखी, दीर्घकालीन : रुग्णशिक्षण व स्वव्यवस्थापन

बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीत औषधाआधी रुग्णाची समजूत बदलावी लागते. २०१५ मधील एका आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्यांमध्येही झीज दिसली. तेव्हा एमआरआयमधील ‘झीज’ हे दुखण्याचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. तिच्या धास्तीने अंथरूण धरणे मात्र नक्की नडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिक्षण व व्यायामाची शिफारस केली. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नकोत, असे सांगितले. ऑस्ट्रेलियातील २०२४ च्या चाचणीत, नुकतेच बरे झालेल्यांपैकी ज्यांना चालण्याचा कार्यक्रम व मार्गदर्शन मिळाले त्यांचे दुखणे उलटण्याचा मध्यक काळ, हे न मिळालेल्यांच्या ११२ दिवसांच्या तुलनेत, २०८ दिवस होता. जळगावकरांना अशा चालण्यासाठी मेहरूण तलावाचा परिसर पुरेसा आहे.

केळीचे घड वाहणाऱ्या किंवा दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या खानदेशी मजुराला आणखी व्यायाम कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण शेतातल्या श्रमाचा वेग मजुरी ठरवते, व्यायामाचा रुग्ण स्वतः. शरीराला फरक पडतो तो इथेच. अर्थात कामात उसंतच नसेल तर नुसता उपदेश तोकडा पडतो, हेही मान्य करावे लागते. पायांतील वाढती कमजोरी, लघवीवरील ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे दिसल्यास मात्र स्वव्यवस्थापन थांबवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.