दातातली चांदी

दिवाळीच्या अंकात दाढेची कथा कशाला, असे वाचक म्हणतील. पण चकली आणि कडक लाडू यांचा मोसम हाच. गेल्या दिवाळीत एका चकलीनेच मला दातांच्या डॉक्टरांची पायरी चढायला लावली.

माझ्या दुसऱ्या एका दाढेत शाळकरी वयात भरलेली चांदी आहे. "उद्यापर्यंत या बाजूने चावू नकोस," असे तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते. चांदी वाळायची असेल, अशी माझी समजूत. ती चुकीची होती. चांदी आणि कथील यांच्या भुकटीत पारा मिसळला की कणांचा वरचा थर पाऱ्यात विरघळतो. मग चांदी-पारा आणि कथील-पारा अशी नवी संयुगे स्फटिकरूपाने तयार होतात, एकमेकांत गुंततात आणि उरलेल्या कणांना घट्ट धरून ठेवतात. मऊ गोळा थोड्याच वेळात आवळतो. पुरते बळ यायला मात्र सुमारे एक दिवस लागतो.

या साध्या गोळ्यावरून अमेरिकेत केवढे रण माजले! 1833 मध्ये क्रॉकूर नावाच्या मंडळींनी तो न्यूयॉर्कला आणला आणि त्याला भारदस्त राजेशाही नाव देऊन जोरात खपवला. सोन्याने दात भरणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांना हे खपेना. पारा विषारी, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यात धंद्याची धास्तीही मिसळली होती. 1845 मध्ये त्यांच्या संस्थेने सभासदांकडून हा गोळा न वापरण्याची शपथ लिहून मागितली. भांडण विकोपाला गेले आणि 1856 मध्ये संस्थाच मोडली.

खरी अडचण शपथेने सुटणारी नव्हती. घट्ट होताना काही मिश्रणे फुगत, काही आक्रसत. फुगले तर दातावर ताण, आक्रसले तर कडेला फट, आणि फटीत पुन्हा कीड. ही गाठ सोडवली ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी. शालेय शिक्षण थोडेच झालेला हा माणूस. त्याने निरनिराळी मिश्रणे करून त्यांचे फुगणे-आक्रसणे बारकाईने मोजले आणि 1895-96 च्या सुमारास प्रमाण ठरवून दिले: भुकटीत सुमारे दोनतृतीयांश चांदी आणि चौथा हिस्सा कथील. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. ब्लॅकविषयी मला अंमळ जास्तच ममत्व वाटते, हे कबूल करतो.

परवा डॉक्टरांनी चकलीने मोडलेली दाढ भरली ती चांदीने नव्हे. काचेची बारीक भुकटी मिसळलेली राळ थराथराने लावली आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरला. प्रकाशाने राळेतले छोटे रेणू जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या बनतात; काही सेकंदांत काम होते. अशा राळेचा पाया रॅफेल बोवेन यांनी 1962 च्या सुमारास घातला. तीही घट्ट होताना थोडी आक्रसतेच. म्हणून तर थर पातळ.

पाऱ्याविषयीची जुनी शंकाही मेलेली नाही. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून चांदी भरणे, थोडे अपवाद सोडून, बंद केले. पारा पाण्यात आणि हवेत जाऊ नये हा त्यामागचा मोठा हेतू. म्हणजे शपथ घेणारे अगदीच चुकले नव्हते. चुकले ते एवढेच, की त्यांनी मोजण्याआधी सह्या मागितल्या.

माझी जुनी चांदी काढावी का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी आरसा धरून कडा तपासल्या आणि म्हणाले, "मास्तर, फट नाही. राहू द्या." यंदाची चकली मी त्याच बाजूने खाणार आहे.