एका ठोक्यात किती मजकूर: मॅक्रो कीपॅडचा मराठी पूर्वेतिहास

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नागापूर आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसाहत उभारल्यापासून या गावाचे नाव जिल्ह्यात बहुधा कारखान्यांच्या संदर्भातच घेतले जाते. अशा वसाहतीत कळांवर बोटे चालवणाऱ्यांचे दोन वर्ग असतात: एक कचेरीत बसून पत्रे, चलने आणि करार टंकित करणारा, दुसरा यंत्रासमोर उभा राहून पॅनेलवर आकडे भरणारा. प्रोग्रॅम करता येणारा कीपॅड हे या दोन्ही वर्गांच्या कामाला लागू पडणारे साधन आहे. नऊ, बारा किंवा सोळा कळांच्या या छोट्या फलकावर प्रत्येक कळीला एक मॅक्रो नेमून देता येतो, म्हणजे एरवी अनेक कळा क्रमाने दाबून जे साधते ते एका ठोक्यात साधता येते. आणि एखाद्या कामासाठी अशा सर्व नेमणुकांचा जो संच जतन केला जातो त्याला प्रोफाइल म्हणतात. साधन नवे असले तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे: एका खुणेने किती मजकूर उभा करायचा आणि ती खूण कोणी ठरवायची? मराठी लेखनव्यवहारात या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली, आणि ठरवण्याचा अधिकार दफ्तराकडून कारखान्याकडे, तेथून मानक ठरवणाऱ्या समितीकडे व अखेरीस लिहिणाऱ्याच्या हाती आला.

त्यातले पहिले उत्तर याच परिसरात मिळते. १४९० मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीच्या कारभारात फारसीबरोबर मराठीही वापरात होती, आणि त्या काळच्या महसुली कागदांत मायना, म्हणजे पत्राच्या आरंभीचा ठरीव मजकूर, इतका निश्चित झालेला दिसतो की पत्र कोणाकडून कोणाला, कोणत्या दर्जाच्या माणसाला जात आहे हे कळताच कारकुनाच्या हातून पुढील दोन ओळी आपोआप उतरत. शुहूर सनाचे वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिण्याचा प्रघात होता. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. मोडी लेखनात हा ठरीवपणा संक्षेपांपर्यंत पोहोचला: चांद्र तारखेपूर्वी ‘छ’, शुहूर सनासाठी ‘सु॥’, मुक्कामासाठी ‘मु॥’ अशी अक्षरे पुरेशी होत, आणि पत्र पुरे झाल्याची साक्ष शेवटची छोटी मुद्रा देत असे. हेमाडपंतांच्या नावावर परंपरेने सांगितले जाणारे ‘मेस्तक’ हे कारकुनी लेखनाच्या अशाच नियमांचे आहे. मॅक्रोची सर्व लक्षणे येथे आहेत, कारण खूण छोटी आहे, तिच्यातून उलगडणारा मजकूर ठरलेला आहे आणि प्रसंग बदलला की संचही बदलतो. फरक एवढाच की मजकूर उलगडण्याचे काम यंत्राऐवजी वाचणाऱ्याच्या सरावावर सोपवलेले होते.

टंकलेखन यंत्राने हा अधिकार दफ्तराकडून काढून घेतला. यंत्रातल्या प्रत्येक कळीला पोलादी दांडी जोडलेली असते, दांडीच्या टोकाला दोन अक्षरे कोरलेली असतात, आणि कळांची संख्या पन्नासाच्याही आत असल्यामुळे शंभराहून कमी खुणांत सर्व देवनागरी बसवावी लागते. म्हणून यंत्र रचणाऱ्यांनी अक्षरे फोडली: ‘ग’ किंवा ‘ण’ यांच्यासाठी अर्धे रूप आणि काना असे दोन ठोके पडू लागले, तर उकार, अनुस्वार, रफार यांसाठी अशा कळा आल्या की ज्या दाबल्यावर चिन्ह उमटे, पण कागद धरणारी गाडी पुढे सरकत नसे. १९५५ साली गोदरेज अँड बॉइस या मुंबईच्या कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ च्या सुमारास त्या यंत्रांचे उत्पादन थांबवले. या अर्धशतकात महाराष्ट्रातल्या असंख्य मुलामुलींनी गल्लीबोळांतल्या टंकलेखन संस्थांत मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या शासकीय परीक्षांसाठी ही फोडलेली देवनागरी बोटांत मुरवून घेतली. त्यांच्या श्रमाची नोंद लिपीच्या इतिहासात फारशी होत नाही, ही मोठी उणीव आहे. कळीचा अर्थ पोलादात कोरलेला असल्यामुळे तो बदलण्याचा विचारही टंकलेखकाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

संगणकाने कळ आणि अक्षर यांच्यातला हा पोलादी सांधा तोडला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढलेले भारतीय लिप्यांचे काम, ज्यात मोहन तांबे यांचा प्रमुख वाटा होता, याच काळातले आहे. १९८६ च्या सुमारास इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीला शासकीय मान्यता मिळाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक १३१९४ मध्ये समाविष्ट झाली. तीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि जोडाक्षर उच्चाराच्या क्रमाने लिहायचे असते. टंकलेखन यंत्रावर व्यंजनाच्या आधी ठोकावी लागणारी ऱ्हस्व वेलांटी येथे व्यंजनानंतर येते. ‘क्ष’ लिहिण्यासाठी क, हलन्त आणि ष अशा तीन नोंदी लागतात. परंतु याच मांडणीत वरच्या ओळीत शिफ्टसह ७ दाबले की तिन्ही नोंदी एकदम उमटतात, आणि ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ यांनाही शेजारच्या कळा दिलेल्या आहेत. शासकीय मानकात बसलेला हा मॅक्रोच होय. मात्र कोणत्या जोडाक्षरांना ही सवलत द्यायची हे सर्व भारतीय लिप्यांचा एकत्र विचार करणाऱ्यांनी ठरवले, त्यामुळे ‘करणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत मराठीला पावलोपावली लागणारे ‘ऱ्य’ तीन वेगळ्या नोंदींनीच लिहावे लागते. दरम्यान श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींनी जुन्या टंकलेखकांसाठी रेमिंग्टन पद्धतीची मांडणीही पर्याय म्हणून ठेवली. एकाच कळफलकाला कामानुसार वेगळे अर्थ देण्याची, म्हणजे प्रोफाइलची, सवय मराठी कचेऱ्यांना प्रथम येथे लागली.

यंत्रशाळेत हीच वाटचाल वेगळ्या मार्गाने झाली. संगणक-नियंत्रित यंत्रांवर, ज्यांना कामगार सीएनसी किंवा व्हीएमसी म्हणतात, फानुक या जपानी कंपनीच्या नियंत्रकांत ‘कस्टम मॅक्रो’ची सोय असते. एखाद्या चकतीवर वर्तुळात समान अंतरावर छिद्रे पाडायची असतील, ज्याला कारखान्यात पीसीडी होल म्हणतात, तर प्रत्येक छिद्राचे स्थान स्वतंत्रपणे न लिहिता ‘जी ६५’ ही आज्ञा देऊन त्रिज्या, कोन आणि छिद्रांची संख्या एवढेच भरले जाते, व उरलेले गणित मॅक्रो करतो. ९००० पासून पुढच्या क्रमांकांचे प्रोग्रॅम कुलूपबंद करता येतात, म्हणजे सेटरने मॅक्रो लिहायचा आणि ऑपरेटरने तो केवळ वापरायचा अशी विभागणी यंत्रातच करून ठेवता येते. सुरक्षिततेसाठी ती आवश्यक आहे, कारण एक चुकीचा आकडा टूल मोडू शकतो आणि जॉब वाया घालवू शकतो. तरीही येथेही अर्थ ठरवणारा एक आणि कळ दाबणारा दुसरा, ही जुनी रचना कायम राहते.

प्रोग्रॅम करता येणाऱ्या कीपॅडने ही विभागणी मोडली, परंतु मराठी लिहिणाऱ्याला तो लावताना एक अडचण येते. यूएसबीने जोडलेला कीपॅड सर्वसाधारणपणे संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. रोमन ‘ए’च्या कळीचा क्रमांक ४ आहे, आणि त्या क्रमांकाचे कोणते अक्षर करायचे हे संगणकावर त्या क्षणी निवडलेली मांडणी ठरवते. म्हणून ‘शिफ्टसह ७’ असा मॅक्रो मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना ‘क्ष’ देतो, तर इंग्रजी मांडणीत निराळेच चिन्ह उमटवतो. मॅक्रोच्या आरंभी भाषा बदलणारी जोडकळ घातली तरी काम भागत नाही, कारण ती केवळ पुढच्या भाषेकडे उडी मारते आणि आधी कोणती भाषा होती हे कीपॅडला माहीत नसते. विंडोजमध्ये मराठीसाठी एक निश्चित जोडकळ नेमून मॅक्रोत तीच ठेवणे आणि तिच्यानंतर क्षणभराचा विराम घालणे, ही त्यातल्या त्यात विश्वासार्ह रीत आहे.

याहून चांगली रीत म्हणजे मजकूर कीपॅडमध्ये न ठेवता संगणकातच ठेवणे. यूएसबीच्या क्रमांकयादीत एफ १३ ते एफ २४ अशा बारा कळा आहेत, ज्या आजच्या नेहमीच्या कळफलकांवर नसल्यामुळे इतर कोणत्याही आज्ञेशी सहसा भिडत नाहीत. बारा कळांच्या कीपॅडला त्या दिल्या आणि कोणत्या कळीला कोणता युनिकोड मजकूर उमटवायचा हे संगणकावरच्या मजकूर-विस्तारक प्रणालीत लिहून ठेवले, की चालू भाषेचा प्रश्न बहुतेक उरत नाही. दस्तलेखनाच्या कामाला ही व्यवस्था विशेष मानवते, कारण खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांचे परिच्छेद, मिळकतीचे वर्णन, पूर्वेस-पश्चिमेस-दक्षिणेस-उत्तरेस अशी चतुःसीमा आणि मिळकत निर्वेध असल्याची हमी यांची चौकट प्रत्येक वेळी तीच असते, फक्त नावे, गट क्रमांक आणि क्षेत्र बदलते. अशा प्रोफाइलमध्ये एका कळीवर चतुःसीमेच्या चार ओळी ठेवून त्यांतल्या रिकाम्या जागांपाशी कर्सर थांबेल असे करावे, दुसरीवर ‘ऱ्य’ ठेवावा. मात्र रक्कम, तारीख आणि नावे कधीही मॅक्रोत साठवू नयेत, कारण मागच्या दस्तातले नाव पुढच्या दस्तात तसेच राहून जाणे हा या सोयीतला सर्वांत मोठा धोका आहे.

कचेरीचा आणि यंत्रशाळेच्या प्रोग्रॅमिंगचा संच वेगळा ठेवणे, दोन पाळ्यांत एकच संगणक वापरला जात असेल तर कोणत्या कळीवर काय आहे याचा मराठी तक्ता शेजारी लावणे, आणि प्रोफाइलच्या फाइलची प्रत दुसरीकडे जपणे ही कामे किरकोळ वाटतात. पण खुणेचा अर्थ आता वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेला असल्यामुळे, तो पुढच्या माणसाला सांगण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली आहे.