उंबरखांडच्या चौधरींचे खिळे

शहापूर तालुक्यातलं उंबरखांड हे जावजी दादाजी चौधरी यांच्या पूर्वजांचं गाव. या भागात, कल्याणहून वासिंदपर्यंत, आगगाडी धावली ती १८५५ साली. त्याच्या कितीतरी आधी हे घर मुंबईकर झालं होतं. जावजींचा जन्म १८३९चा आणि घरची परिस्थिती बेताची. लहान वयातच ते टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घासायला लागले.

ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ करायच्या, हे तिथलं सर्वांत खालचं काम. पण देवनागरीचा प्रत्येक अवयव रोज बोटांखालून जाई. शिरोरेषा शेजारच्या खिळ्याशी कुठे जुळते, वेलांटी कुठे मोडते, हे तिथेच कळे. पुढे १८६४ साली जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. अक्षर कोरण्यात तरबेज असलेले राणोजी रावजी आरू हे मित्र त्यांच्या जोडीला होते.

आज ज्याला बहुशाखीय डिझाइन स्टुडिओ म्हणतात, तसाच हा छापखाना होता. अक्षराची आखणी, पोलादी पंच कोरणं, पंच ठोकून तांब्याची मातृका करणं, मातृकेतून खिळे ओतणं, जुळणी, मुद्रितशोधन, छपाई आणि विक्री ही सगळी कामं एकाच कारभाराखाली चालत. खिळे छापून छापून झिजतात. ते वितळवून पुन्हा ओतता येतात. पंच आणि मातृका मात्र जपाव्याच लागतात. त्या नीट राहिल्या, तर पुढच्या पिढीलाही तेच वळण मिळतं. म्हणजे संग्रह सांभाळणं हे इथे रोजच्या उत्पादनाचंच अंग होतं.

कामाच्या आखणीची खरी कसोटी लागली ‘काव्यमाले’त. १८८६ साली सुरू झालेल्या या संस्कृत मासिकाचे संपादक होते जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब. हस्तलिखितं ठिकठिकाणांहून मिळवायची, पाठभेद ताडायचे आणि दर महिन्याला अंक काढायचा. एका अंकात अनेक ग्रंथांचे तुकडे असत. पण प्रत्येक ग्रंथाचे पृष्ठांक स्वतंत्र चालत. वर्गणीदाराने अंक उसवून बांधले, की एकेक ग्रंथ सलग हाती येई. छोट्या काव्यांसाठी वेगळे ‘गुच्छक’ होते. त्यांचे चौदा भाग निघाले. अंक हाती पडतानाच त्याचं कपाटातलं स्थान ठरलेलं असे.

अशा छापखान्यांचा इतिहास शोधायला सरकारी दप्तरही मदतीला येतं. १८६७च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणं आणि त्यांची नोंद होणं बंधनकारक झालं. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्यांमधून त्या काळच्या छापखान्यांच्या कामाचा माग काढता येतो.

जावजी १८९२ साली गेले आणि कारभार मुलाकडे, तुकाराम जावजींकडे आला. छापखाना पुढे कित्येक दशकं चालला. विसाव्या शतकात दिल्ली-वाराणसीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या आवृत्त्यांची पानं जशीच्या तशी पुनर्मुद्रित केली आणि संस्कृतचे विद्यार्थी आजही ती वापरतात. त्या पुस्तकांवर मुद्रक आणि संपादक यांची नावं आहेत. पंच कोरणाऱ्या राणोजींचं नाव मात्र अक्षरकलेच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. शहापूर-मुरबाडच्या शाळांमधल्या स्थानिक इतिहासाच्या धड्यात माहुली किल्ल्याशेजारी जावजी आणि राणोजी या दोघांनाही जागा मिळायला हवी.